सुंगटांची बॅच

कांपालच्या तलावावर सकाळी साडेसहाला
लुर्दिना टीचर शिट्टी फुंकते
आणि आम्ही नऊजण कठड्यावर रांगेने बसतो.
आठजणांचे पाय पाण्याला पोचत नाहीत.
माझे पोटऱ्यांपर्यंत बुडतात.

पहिली पायरी सुंगट, टोपी पिवळी.
मग तारली, मग बांगडा,
आणि पार पलीकडे, जिथे पाणी गडद होतं, तिथे मोरी.

सुंगटाने एवढंच करायचं :
तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे,
वर येऊन स्वतःचं नाव सांगायचं.
ग्लेनिशा बुडबुडे सोडताना हसते,
म्हणून तिच्या नावात पाणी शिरतं.
तन्वेश नाव सांगतो, आडनाव सांगतो, शाळेचं नावही सांगतो,
पुन्हा आत जायला लागू नये म्हणून.
मी म्हणतो, रोहिदास.
माझा आवाज त्या छपराखाली फार मोठा वाटतो.

तेवीस वर्षं रायबंदर-चोडण फेरीवर आहे मी.
फळी खाली, गाड्या आत, फळी वर.
मांडवी रोज माझ्या पायाखालून जाते
आणि आमची ओळख नाही.
पावसाळ्यात एकदा बोट हलली, तेव्हा कठडा धरून बसलेल्या
एका पोराने विचारलं, 'अंकल, तुला पोहता येतं?'
मी म्हटलं, 'येतं.'
त्याने कठडा सोडला
आणि खिशातलं बिस्किट काढून खायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात दांडा धरून पाय मारणं.
इझानने चार दिवस दांडा सोडला नाही.
पाचव्या दिवशी करंगळी सोडली,
मग तिच्या शेजारचं बोट,
मोजत मोजत, दुकानदार सुटे पैसे देतो तसा.
अंगठ्यापाशी येऊन थांबला. टीचरकडे बघितलं.
'भियेनाका' असं ती म्हणाली नाही. घड्याळाकडे बघत राहिली.
अंगठाही सुटला.

मग फळी. मग फळीशिवाय.
नोव्हेंबर संपता संपता आठही पिवळ्या टोप्या
दोरीपलीकडे जाऊन निळ्या झाल्या,
आणि माझ्या डाव्या-उजव्या हाताला
आठ नवी, कुडकुडणारी पोरं आली.
त्यातल्या एकीने मला निरखून विचारलं,
'अंकल, तू नापास?'

हो गं बाय. तीनदा.
आता बुडबुडे दाखवायचं काम टीचर मलाच देते.
या तलावात माझ्याइतकं जुनं सुंगट नाही.
परवा तन्वेश तारलीतून रडत परत आला,
खोल पाण्यात विसरला होता सगळं,
तर मी त्याला शेजारी जागा करून दिली.
दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी
न सांगता उठून दोरीपलीकडे गेला.

बोटीवर शाबी माझे लाल डोळे बघून विचारतो,
'राती चड जाली रे?'
मी क्लोरीनचं नाव काढत नाही.

काल उताणा झालो.
टीचरचा तळहात पाठीखाली होता, मग नव्हता,
कधी काढला ते कळलं नाही.
कान पाण्याखाली गेले
आणि आत तोच आवाज,
रात्रीच्या शेवटच्या खेपेला, बोट रिकामी असताना
लोखंडातून पायात चढणारा.
सात मोजले. आठाला नाकात पाणी.

खोकत उभा राहिलो तर पलीकडच्या टोकाकडून
ग्लेनिशा ओरडत होती,
लाल टोपी, दोन दात पडलेले,
'रोहिदास अंकल! हांगा पाय लागत नाहीत!'
आणि हे ती
मला बोलवायला सांगत होती.

नऊला ड्युटी.
साखळी ओढायला वाकलो
तेव्हा उजव्या कानातून तलावाचं पाणी निघालं,
कोमट, चमचाभर,
फळीवरून ओघळत नदीत गेलं.
मागे स्कूटरवाले हॉर्न मारत होते.